पाण्यामागून पावणेदोनशे किलोमीटर

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये वीकएंडचे प्लॅन रंगात आले होते. कुणी काशीदला निघालं होतं, कुणी महाबळेश्वरला. ‘आणि तू?’ म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, ‘माळीनगर.’

‘नवीन रिसॉर्ट आहे का गं?’

रिसॉर्ट नाही बाई, गाव आहे! सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, अकलूजच्या जरा पुढे. माझं गाव. म्हणजे बाबांचं. म्हणजे... इथेच तर सगळी गडबड आहे. आमच्या घरात ‘मूळ गाव कोणतं?’ असं विचारलं की आजही ‘सासवड’ असं उत्तर येतं. आणि सासवडला आमच्या नावावर पत्र्याची एक शेडसुद्धा नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आईचं आणि माझं नाव लागलं. गेल्या महिन्यात तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा फोन आला. ‘कागद करून ठेवलाय. एकदा येऊन वाचून घे, मग बघू सहीचं. घाई नाही.’ कागद म्हणजे हक्कसोडपत्र. ज्यांच्या घरात शेती आहे त्या मुलींना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माझ्या आत्याने सही केली होती, तिच्या आत्याच्या वेळी तर कागदाचीही गरज पडली नव्हती. भावाला जमीन, बहिणीला दिवाळीची साडी. आई म्हणाली, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ (या वाक्याइतकं अवघड वाक्य मराठीत दुसरं नसेल!)

मग ठरवलं, सोलापूर हायवेने भुर्रकन जायचं नाही. पणजोबा ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जायचं. सासवड, जेजुरी, नीरा, बारामती, अकलूज, माळीनगर. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. गूगल मॅप साडेचार तास दाखवत होता. पणजोबांना वीसेक वर्षं लागली होती.

विहिरीचं पाणी संपतं तेव्हा

सकाळी सहाला हडपसर सोडलं. दिवे घाटात मस्त गारठा, खाली मस्तानी तलाव. वर आलं की हवा बदलते आणि थोड्याच वेळात सासवड. पुणेकरांना सासवड माहीत असतं ते माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे, पुरंदरच्या ट्रेकमुळे, नाहीतर अंजीर-सीताफळांमुळे. सोपानदेवांची समाधी इथलीच. आचार्य अत्रे याच मातीतले. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं खानवडीही जवळच.

सासवडचे माळी म्हणजे विहीर-बागायतीतले उस्ताद. चामड्याची भलीमोठी मोट, बैलजोडी धावेवरून उतारावर गेली की मोट वर येते, पाणी थारोळ्यात ओतलं जातं, की बैल पुन्हा मागे. पहाटेपासून हेच. एवढ्या कष्टाने काढलेल्या पाण्यावर माणूस काय लावेल? ज्याचे बाजारात रोख पैसे होतील तेच. भाजीपाला, फळं आणि थोडा ऊस. ऊस कधी लावायचा, पेंड कधी द्यायची, रस किती आटवायचा, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं.

पण पुरंदर पडला पर्जन्यछायेत. कऱ्हेला पाणी मोजकंच, विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवायच्या, आणि दर पिढीला वाटण्या होऊन वावरं अरुंद होत गेलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर स्किल होतं, स्कोप नव्हता. अशा वेळी आपण काय करतो? रेझ्युमे अपडेट करतो. त्यांनी काहिली बैलगाडीत चढवली.

(काहिली म्हणजे उसाचा रस आटवायची ती प्रचंड लोखंडी कढई. पुण्यातल्या एका कॅफेत हल्ली ती झाडं लावायला ठेवलेली असते. तिथे गुळाचा चहा किती रुपयांना मिळतो हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही.)

पाणी आलं, पण गिऱ्हाईक कुठाय?

जेजुरीला खाली उभं राहूनच नमस्कार केला आणि नीरेकडे निघाले. नीरा गावापासून बारामतीपर्यंतचा रस्ता मला प्रचंड आवडतो. निंबूत, करंजेपूल, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे... दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच साखर कारखान्याची चिमणी, आणि ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला. ओव्हरटेक करायचं धाडस करू नका, शांतपणे मागे राहा आणि गाणी ऐका. हा सगळा हिरवेपणा मुळात निसर्गाचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तो नीरा डाव्या कालव्याचा आहे.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये महादुष्काळ पडला. दुष्काळी काम म्हणून इंग्रज सरकारने हा कालवा खोदायला घेतला. उपाशी माणसांनी टिकाव-फावडी चालवली. वीरच्या बंधाऱ्यातून १८८५ च्या सुमारास पाणी बारामती-इंदापूरकडे वाहायला लागलं, मागाहून त्याला भाटघरच्या धरणाची जोड मिळाली. सरकारला वाटलं, आता शेतकरी रांगा लावतील.

कुणी रांग लावली नाही! पाऊस बरा झाला की लोक कालव्याकडे ढुंकून बघत नसत. ज्वारी-बाजरी पावसावर यायची, तिला विकतचं पाणी कशाला? पाऊस दगा द्यायला लागला की मात्र सगळ्यांना एकदमच पाणी हवं असायचं. साहेबांच्या कागदपत्रांत याचा दोष शेतकऱ्याच्या आळसावर टाकलेला सापडतो. मला ते पटत नाही. ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्ष पैसे अडकून पडणार. बैल हवेत, खत-पेंड हवी, मजूर हवेत. आणि इथला शेतकरी सावकाराच्या वहीत गळ्यापर्यंत बुडालेला. याच टापूतल्या सुप्याला १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. तिथल्या माणसाने आणखी कर्ज काढून ऊस लावावा, ही अपेक्षाच ग्रेट म्हणायची.

ही रिकामी जागा सासवडच्या माळ्यांनी हेरली. त्यांच्याकडे पाणी नव्हतं, कसब होतं. इथे पाणी होतं, ते वापरणारा नव्हता. ते कालव्याखालच्या गावांत आले, स्थानिक मालकांकडून जमिनी रोख खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. पुढे विश्वेश्वरय्यांनी (हो, तेच, म्हैसूरवाले, तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते) कालव्याच्या पाण्यासाठी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या ब्लॉकला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, आणि त्यात उसाचा वाटाही ठरलेला. हमी मिळाल्यावर गुऱ्हाळं धडाधड पेटली.

आमचे पणजोबा १९१० च्या आसपास याच पट्ट्यात कुठेतरी उतरले. गावाचं नाव आजोबांना पक्कं आठवायचं, पण सांगताना दर वेळी वेगळंच तोंडातून यायचं, त्यामुळे मी छापत नाही. पक्की आठवण एकच. पणजीने वीस वर्षं ज्या घरात संसार केला त्या घराला पाया नव्हता. कुडाच्या भिंती, वर पाचट. जमीन खंडाची. पुढच्या वर्षी मालक देईल न देईल, मग पाया कशाला घालायचा? आजोबा सांगायचे, चुलवणाच्या उजेडात ती रात्रभर पाचट सारत बसायची, आणि पहाटे गुळव्याच्या आधी तिला कळायचं की रस आला. पणजोबांची गोष्ट सांगताना घरातले सगळे ‘त्यांनी जमीन केली’ म्हणतात. पणजीने काय केलं त्याला आमच्याकडे क्रियापदच नाही.

या कथेला एक खारट बाजूही आहे, अगदी शब्दशः. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरत राहिलं, निचरा होईना, आणि खालचे क्षार वर आले. पांढरा थर धरलेली वावरं पडीक झाली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर १९१० मध्येच अहवाल लिहिला होता. म्हणजे आजोबांच्या जन्माआधी! आपल्याला हे सगळं नुकतंच कळलंय असं आपण समजतो. आणि ज्याची जमीन खंडाची, तो खराब झालेलं वावर सोडून पुढे सरकू शकतो. मालकाला ती सोय नाही. पणजोबा कसं वागले मला माहीत नाही. विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

हळूहळू स्थानिक शेतकरीही बघून-बघून ऊस शिकले, आणि चांगले शिकले. बारामतीच्या आसपासचे आजचे कारखाने बघा म्हणजे समजेल. जमीन मालक स्वतःच कसायला लागल्यावर खंडाचे भाव वाढणार, जमिनी मिळेनाशा होणार, हे उघड होतं. माळी पुन्हा उठले. काहीजण गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांकडे, कोपरगाव-श्रीरामपूरच्या बाजूला गेले. श्रीरामपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके मूळचे सासवडचेच. आणि काहीजण नीरा ओलांडून उजव्या तीराला आले.

चिमणीखालचं गाव

बारामतीत मिसळ खाल्ली (मध्यम, दोन पाव जादा), आणि लासुर्ण्याहून आत वळून नीरा ओलांडली. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. हा मुलूख एके काळी अस्सल कोरडवाहू. भाटघरला जुन्या धरणाच्या जागी मोठं लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात आलं. पाण्यापाठोपाठ आमची मंडळी हजर!

पण टायमिंग बघा. जागतिक मंदी आली आणि गुळाचे भाव कोसळले. ढेपा घरात, गिऱ्हाईक नाही. गुऱ्हाळवाल्याच्या हातात काय, तर पुन्हा गूळच. दुसरीकडे सरकारने १९३२ मध्ये परदेशी, मुख्यतः जावाच्या साखरेवर संरक्षक जकात लावली आणि देशात साखर कारखाने काढण्याची लाट आली. त्याच वर्षी या माळी शेतकऱ्यांनी भांडवल गोळा करून कंपनी काढली. ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी लिमिटेड.’ १९३४ पासून साखर निघायला लागली. कारखान्याभोवती वसलं ते माळीनगर.

त्या काळी ही किती वेगळी गोष्ट होती हे समजून घ्यायचं तर शेजार बघा. नीरेच्या पलीकडे वालचंदनगर, उभं केलं उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी. इकडे जवळच श्रीपूर, तो कारखाना चंद्रशेखर आगाशे यांचा. दोन्ही त्याच दोन-तीन वर्षांतले. माळीनगरला मात्र पैसा घालणारे होते कालपर्यंत काहिलीत झारा फिरवणारे लोक, ज्यांच्या स्वतःच्या घरांना पाया नव्हता. प्रवरानगरचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा, उभा राहिला १९५० मध्ये. म्हणजे सहकाराच्या अठरा वर्षं आधी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना करून दाखवला होता. हा सहकार नव्हता, भागधारकांची कंपनी होती. आमच्या घरातले शेअर सर्टिफिकेट तात्यांनी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्यामागे ठेवलंय.

आता थोडं अवघड बोलते. नावातच जात असलेलं गाव सांगताना कॉलेजात मला कानकोंडं व्हायचं. कारखान्याचं नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाचं आणि एका जातीचं. आपल्या माणसांच्या विश्वासावर पैसा उभा राहिला, हे खरं. बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा भावकीच बँक होती. पण आपल्या माणसांच्या बाहेर कोण राहिलं? ज्यांनी वर्षानुवर्षं फडात कोयता चालवला त्यांची नावं कुठल्याच सर्टिफिकेटवर नाहीत. मी गेले तेव्हा गळीत हंगाम जोरात होता. रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्या, बाहेर तीन दगडांची चूल, बीडकडून आलेलं एक कुटुंब. बाई मुलीची वेणी घालत होती. घराला पाया नव्हता.

आणि जमिनीचे मूळ मालक? ती गोष्ट तर संपता संपत नाही. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि साखर कंपन्यांच्या ताब्यातल्या हजारो एकर जमिनी सरकारकडे गेल्या. त्या कसायला १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. ज्यांनी एके काळी कंपन्यांना जमीन खंडाने दिली होती त्या खंडकरी शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या जमीन परत मागण्यात गेल्या. अकलूजच्या चौकात चहा पिताना शेजारचे आजोबा म्हणाले, ‘माळीनगरची का तुम्ही? तुमच्या लोकांनी सोनं पिकवलं, नाही म्हणत नाही. पण रान आमचं होतं.’ काय बोलणार? मी त्यांच्याही चहाचे पैसे दिले, त्यांनी देऊ दिले नाहीत.

तुम्हाला जायचं असेल तर दोन सीझन आहेत. डिसेंबर-जानेवारीत गळीत हंगाम असतो, हवेत मळीचा गोडसर-आंबूस वास (पहिला अर्धा तास नकोसा, मग जाणवत नाही), शेतात हुरडा. नाहीतर वारीत. तुकोबांची पालखी सराटीला नीरेत स्नान करून अकलूजला येते, तिथे गोल रिंगण होतं आणि माळीनगरला उभं रिंगण. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व उधळत जातो. अंगावर काटा येतो! आणखी एक गंमत मला या वेळी कळली. सासवडहून सोपानकाकांची पालखी निघते ती निंबूत, कोऱ्हाळे, बारामती, लासुर्णे, अकलूज अशीच पंढरपूरला जाते. म्हणजे पणजोबांचा रस्ता त्यांच्या पायाखालचाच होता. आधी वारीला चालले असतील, मग गाडी जुंपली असेल.

दुपारी घरी पोचले. काकूने ज्वारीची भाकरी, भरीत आणि काकवी वाढली. अंगणात ती जुनी काहिली आहे. तिच्यात आता म्हशीला पाणी ठेवतात. जेवण झाल्यावर तात्यांनी चष्मा पुसला आणि कागद टेबलावर ठेवला. आठ ओळींत चार ठिकाणी ‘स्वखुशीने’ लिहिलेलं होतं.

‘दादा करणार ना पुढे शेती?’ मी विचारलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तात्या जरा वेळ गप्प बसले. ‘तो पुण्याला फ्लॅट बघतोय. पोरांच्या शाळा... मी किती दिवस बघणार? रान खंडाने द्यावं म्हणतो.’

तेवढ्यात बाहेर बाइक थांबली. माणकडचा एक मुलगा, पंचवीस-सव्वीसचा. केळी लावणार म्हणाला, ठिबकवर. इकडची केळी आखातात जातात, त्याच्या मोबाइलमध्ये भाव होते. पाया पडून ओट्यावरच बसला, आत या म्हटलं तरी आला नाही. रान किती, माती कशी, कशाची चौकशी नाही. पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा.

‘पाटाला पाळी कधी आहे, तात्या?’

‘येत्या बुधवारी. रात्री दीड-दोनला दार उघडंल. कुणीतरी जागं पाहिजे.’

‘मी जागीच असते,’ मी म्हटलं. ‘बुधवारी अमेरिकेचा कॉल असतो, तीनपर्यंत. इथून घेता येईल. रेंज आहे ना ओट्यावर?’

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली आणि देव्हाऱ्यामागच्या पिशवीत सरकवली. काकू आतून म्हणाली, ‘रेंज गच्चीवर येते. अंथरूण वरच घालते.’